माई काही मरेना

मी बेशुद्ध पडले होते आणि माझ्या नाकाला खाज सुटली होती.

प्राणवायूचा तो प्लास्टिकचा मास्क ज्यांनी तासन्‌तास लावलेला नाही, त्यांना हे दुःख कळायचं नाही. त्याचा रबर कानामागे काचतो, आत घाम साचतो, आणि खाजवायला हात उचलावा तर त्या हाताला सलाइनची नळी चिकटवलेली. शिवाय बेशुद्ध बाईने हात उचलायचा नसतो. माझ्या उशाशी माझी तीन मुलं, दोन सुना आणि एक जावई रांगेने रडत उभे होते. त्यातला थोरला मुलगा खऱ्या वयाने माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान होता आणि मनापासून हंबरडा फोडत होता.

"कट!" निशिकांत ओरडला. "छान. रडू छान आलं सगळ्यांना. शैलाताई, तुमची पापणी हलली."

"नाक हलवता येत नाही म्हणून पापणी हलवली," मी मास्क हनुवटीवर ओढत म्हटलं. "निशिकांत, मी मरणार कधी?"

निशिकांतने माझ्याकडे न बघता चहा मागवला. मालिकेचा दिग्दर्शक तुमच्याकडे न बघता चहा मागवतो तेव्हा समजायचं, बातमी वाईट आहे.

"चैत्राली आलीय," तो म्हणाला. "तीच सांगेल काय ते."

चैत्राली वाहिनीची माणूस. 'दोन दारांचं घर' या आमच्या मालिकेत कोणी कोणाच्या प्रेमात पडायचं, कोणी जिन्यावरून पडायचं आणि कोणी मरायचं, हे सगळं ती ठरवायची. वयाने माझ्या भाचीएवढी. मुलगी चांगली होती, खोटं कशाला बोलू. फक्त तिला प्रत्येक गोष्टीचा आनंद व्हायचा.

"ताई, एकदम गुड न्यूज!" ती माझ्या पलंगाच्या कडेला टेकली. "माई आयसीयूत गेल्यापासून आपले आकडे कुठल्या कुठे गेलेत! लोक देवळात नवस बोलतायत माईसाठी. सोलापुरात बायकांनी सामुदायिक जप केला."

"त्यांना कळव, देवाने जप ऐकला. आता मला मरू दे."

"फक्त एक आठवडा, ताई."

"मागच्या आठवड्यातही एकच आठवडा होता."

"पण लोक बघतायत ना!"

तिथे सगळं घोडं पेंड खात होतं. दिवाळीनंतरच मी मालिका सोडतेय असं रीतसर सांगितलं होतं. संक्रांतीच्या सुमारास माईंना हृदयविकाराचा झटका यायचा, दोन भाग रडारड, मग फोटोला हार, असं ठरलं होतं. झटका वेळेवर आला. पण जिवंत माईला जेवढे लोक बघत नव्हते तेवढे मरणाऱ्या माईला बघायला लागले, आणि माझं मरण पुढे पुढे जायला लागलं. एकदा माझ्या नाडीचे ठोके थांबले आणि जाहिरातींनंतर परत आले. एकदा धाकट्या सुनेने मंगळसूत्राची शपथ घेतल्यावर माझं बोट हललं. आता होळीही होऊन गेली होती आणि मी त्याच चादरीत पडलेली होते.

मला घाई होती ती विद्याधर ठकारांच्या नाटकाची. ठकार नवं नाटक बसवत होते आणि त्यातली मुख्य भूमिका चव्वेचाळीस वर्षांच्या बाईची होती. चव्वेचाळीस! म्हणजे माझ्याच वयाची. इतकी वर्षं केसांना पांढरं फासून, चष्मा लावून, गुडघ्यावर हात ठेवत उठायची सवय झालेल्या नटीला स्वतःच्या वयाची भूमिका मिळणं ही काय चीज आहे ते कोणाला सांगून समजायचं नाही. ठकारांनी आदल्याच दिवशी फोन केला होता.

"शैला, पाडव्याला मुहूर्ताचा नारळ फोडतोय. तू आलीस तर तुझी भूमिका. नाही आलीस तर दुसरीला बोलावणार. मग रागवायचं नाही."

"येते हो. मेले की लगेच येते."

"मरतेस कधी?"

"तेच तर कोणी सांगत नाही!"

ठकार हसले नाहीत. त्यांनी फोन ठेवला. पाडवा चार दिवसांवर आला होता.

"ताई," चैत्राली लाडात येऊन म्हणाली, "आज तर अप्पांचा सीन आहे. नुसते अप्पा आणि बेशुद्ध माई. दोन पानांचं बोलणं आहे. महाराष्ट्र रडणार आहे."

मी डोळे मिटून घेतले. दोन पानं, आणि तीही सामंतकाकांना.

प्रभाकर सामंत म्हणजे पडद्यावरचे माझे यजमान, अप्पा. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मी शाळेत होते तेव्हा या माणसाने नाटकाचे आख्खे दुसरे अंक एकट्याच्या जिवावर तोलून धरले होते. पण नाटकाची संहिता महिनाभर आधी हातात येते, रात्रंदिवस घोकता येते. आमच्याकडे लेखक सकाळी पानं पाठवायचा आणि दुपारी ती चित्रित व्हायची. पहिली दोन वर्षं काकांनी तेही निभावलं. मग एक दिवस मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. व्याही समोर बसलेले. अप्पांनी उठून सांगायचं होतं, की या घरात हुंडा दिलाही जाणार नाही आणि घेतलाही जाणार नाही. काका उठले, उपरणं सारखं केलं, आणि थांबले. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे वाक्य नव्हतं. काहीच नव्हतं. एवढ्या मोठ्या नटाच्या डोळ्यांत तसली भीती मला बघवेना.

मी पटकन म्हटलं, "कळलं हो मला. हुंडा द्यायचाही नाही आणि घ्यायचाही नाही, हेच ना तुमच्या मनात?"

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि सावकाश म्हणाले, "माझ्या मनातलं बोललीस."

तो भाग दाखवला गेला आणि गहजब झाला. बायकांची पत्रं आली. नवऱ्याच्या मनातलं ओळखणारी माई! पुढच्याच आठवड्यात परत काका अडले, परत मी सावरलं. मग ते रोजचंच झालं. लेखकानेही ते उचललं आणि वाहिनीने त्याच्या जाहिराती केल्या. आम्हाला आदर्श जोडप्याचा पुरस्कार मिळाला. लग्नाच्या वाढदिवसाला माणसं आमचा फोटो एकमेकांना पाठवायची. आणि इकडे मी रोज माझी वाक्यं पाठ करून वर काकांचीही पाठ करत बसायची, ती माझ्या वाक्यांत कुठे कुठे कोंबायची याचा विचार करत. याबद्दल आम्ही दोघं कधी एका शब्दाने बोललो नाही. फार अडचणीचा सीन झाला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी, अनघाने, केलेली घावनं आणि चटणी माझ्या खोलीत येऊन पडलेली असायची. तेवढंच.

मालिका सोडायचं एक कारण ठकारांचं नाटक. दुसरं कारण हे. मी दमले होते. दोन माणसांचं काम एकटीने करून मी दमले होते, आणि स्पष्टच सांगायचं तर काकांवर चिडलेही होते. वय झालं, लक्षात राहत नाही, मग घरी का बसत नाही हा माणूस, असं माझ्या मनात रोज यायचं.

दुपारी काका आले. धोतर, कोट, हातात टोपी. माझ्या उशाशी खुर्चीवर बसले आणि पानं मांडीवर ठेवून पुटपुटत राहिले.

"झालं का पाठ?" मी विचारलं.

"होतंय," ते म्हणाले. "तू पड."

पहिल्या खेपेला दुसऱ्याच वाक्याला गाडी अडली. दुसऱ्या खेपेला पहिल्याच. तिसऱ्या खेपेला काका "माई..." म्हणाले आणि पुढे नुसते बघत राहिले. कॅमेऱ्यामागे कोणीतरी उसासा सोडला. मी कोमात. मला त्यांच्या मनातलं ओळखायची सोय नव्हती.

आणि माझ्या तोंडावर तो मास्क होता. म्हणजे ओठ हललेले दिसणार नव्हते.

चौथ्या खेपेला काका "माई" म्हणून थांबले आणि मी मास्कच्या आत, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "ऊठ. तुळशीला पाणी कोण घालणार?"

"ऊठ," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज हलला. "तुळशीला पाणी कोण घालणार?"

"तुझ्या हातच्या चहाशिवाय..."

"तुझ्या हातच्या चहाशिवाय माझी सकाळ होत नाही गं."

त्यांनी ते असं काही म्हटलं, की मला स्वतःला रडू फुटेल असं वाटलं. तशी आम्ही दोन्ही पानं पार पाडली. बेशुद्ध बायको कुजबुजत होती आणि नवरा बोलत होता.

"कट. शैलाताई, मास्कवर वाफ येतेय," निशिकांत म्हणाला.

"जिवंत आहे मी अजून! तूच ठेवलंयस!"

दुसऱ्या दिवशी परत अप्पांचा सीन, तिसऱ्या दिवशी परत. महाराष्ट्र खरंच रडत होता. तिसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचे हेडफोन काढून निशिकांतला बाजूला घेतलं. मग निशिकांतने चैत्रालीला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे कुठे, तर आमच्या आयसीयूच्या भिंतीपलीकडे. आणि ती भिंत प्लायवुडची होती. मी पलंगावर, काका खुर्चीत, आणि पलीकडचं अक्षर न्‌ अक्षर ऐकू येत होतं.

"म्हणजे ती सांगते आणि ते बोलतात?" चैत्रालीचा आवाज.

"बरीच वर्षं तसंच चाललंय म्हणे. आम्हाला वाटायचं, ती स्टाइल आहे."

"अय्यो! मग माई गेल्यावर काय?"

"तेच तर."

"अप्पांना बोलायलाच नको देऊ. खुर्चीत बसवू, माईच्या फोटोकडे बघतील. थोडे दिवस चालेल तसं. मग काशीला पाठवून देऊ."

मी काकांकडे बघितलं नाही. मला धीरच झाला नाही. त्यांनी मांडीवरची पानं नीट जुळवली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"शैला, पाडवा उद्याच ना गो?"

"हो."

"मास्क लाव. आले बघ ते."

दिवे लागले. निशिकांतने आपल्या जागेवरून खूण केली. काका खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. कागदात हात हातात घ्यायचं लिहिलेलं नव्हतं. मी कुजबुजले, "माई, डॉक्टर म्हणतात धीर धरा..." काकांनी माझं बोट दाबलं. जोरात. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. तो न कळायला मी काही खरंच बेशुद्ध नव्हते.

"ऐकतेस ना?" काका बोलायला लागले. "ऐकतच असशील. तू काय, झोपेतही ऐकतेस. इतकी वर्षं माझं बोलणं तूच बोललीस. लोकांना वाटायचं मी बोलतोय. मलाही तसंच वाटायचं. आता तू गप्प झालीस आणि मग कळलं, या घरात मी कधी एकटा बोललोच नाही. म्हणून आज बोलतो. चुकलं तर चुकलं."

हे कुठल्याच कागदावर नव्हतं. निशिकांत कट म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. तो म्हणाला नाही.

"सगळे तुला म्हणतायत ऊठ, ऊठ. मी नाही म्हणणार. दमलीस तू. खूप दमलीस, मला दिसत होतं; पण मी गरजू माणूस, मी बघून न बघितल्यासारखं केलं. आता पड स्वस्थ. आणि हे बघ, तुझ्यामागे राहून तुझ्या फोटोकडे बघत बसणं मला जमायचं नाही. तेवढं नको सांगू. मी आपला जरा पुढे होतो. दार उघडतो. तू ये सावकाश, तुझं सगळं आवरून."

त्यांनी माझ्या हातावर कपाळ टेकलं. मग हळूहळू त्यांचं वजन माझ्या हातावर यायला लागलं. आधी कपाळाचं, मग खांद्याचं, आणि मग सगळ्या माणसाचं. त्यांची बोटं सुटली. मी डोळे मिटून पडलेली, मला काही दिसत नव्हतं. हा माणूस खरंच गेला असं मला वाटलं. कुठेतरी पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"कट," निशिकांत म्हणाला, पण अगदी हळू.

मी मास्क ओरबाडून उठले. "काका! अहो काका!"

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. पडद्यावर मरणाऱ्या नटाने सीन संपला की कॅमेऱ्याकडे बघून हसून दाखवायचं. अपशकुन टळावा म्हणून. काकांनी डोकं वर उचललं, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि सगळे दात दाखवून हसले. मग टाळ्या वाजायला लागल्या. दिव्यांवरची पोरंसुद्धा वाजवत होती. मी मात्र त्यांचं मनगट धरून ठेवलं.

"हे काय केलंत?"

"मेलो," काका म्हणाले. "त्यांना एक मरण हवं होतं ना? कोणाचं, ते प्रेक्षक कुठे सांगतो? आता माझं बघतील. तू जा. उद्या सकाळी अंघोळ करून, गुढी उभारून त्या ठकाराकडे जा. आणि माझी काळजी करू नकोस. मला फोटोकडे बघत बसायचं नाही, मी स्वतःच फोटो झालो."

ते त्याच अवतारात, धोतर-कोटात, आपली पिशवी घेऊन निघाले. मेकअपही पुसला नाही. गाडीपर्यंत पोचवायला अर्धा सेट गेला. मी सलाइनच्या नळीसकट तिथेच उभी होते आणि मला इतका राग आला होता, की कोणावर आलाय तेही कळत नव्हतं.

तासाभरात चैत्राली वाहिनीशी बोलून उड्या मारत परत आली.

"ताई! ठरलं! आज संध्याकाळीच माई जाणार!"

"आज?"

"अप्पा गेले, त्याच रात्री माई गेल्या. आदर्श जोडपं! तुम्ही उद्या मोकळ्या. तुमचं नाटक करा बिनधास्त. आपण दोघांचा एकच मोठा फोटो लावू, एकच हार. कसलं रडतील लोक!"

"मग?"

"मग दोन भाग दिवस-कार्य. आणि मग डायरेक्ट लीप. कथा पाच वर्षं पुढे. घराला नवा रंग, नवे पडदे, नातवंडं मोठी. जुनं सगळं संपलं."

"आणि फोटो?"

"कोणता?"

"आमचा. दोघांचा. तो नव्या घरात कुठे लावणार?"

चैत्राली गोंधळली. तिने निशिकांतकडे बघितलं. "ताई, नव्या सेटला भिंती कमी आहेत. काचा आहेत जास्त. बघू ना, बसला तर लावू."

मला हवं ते सगळं समोर होतं. संध्याकाळी डोळे मिटायचे, हसून दाखवायचं, सकाळी ठकारांकडे. मी पलंगावर बसले. चादर कालचीच होती. उशाशी काकांची टोपी विसरलेली होती.

"माई मरत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"बरी होतेय. उद्या शुद्धीवर येतेय. लेखकाला कळव."

"पण ताई, तुम्हीच तर दिवाळीपासून..."

"दिवाळीपासून मला कोणी मरू दिलं नाही, आता मी मरत नाही. आणि लीप-बिप काही नाही. माई घरात आहे तोवर कसला लीप? बघते कोण पडदे बदलतं ते!"

चैत्रालीला प्रथमच कशाचा तरी आनंद झाला नाही. मग झाला. शुद्धीवर आलेल्या माईला अप्पा गेल्याचं कोण सांगणार, हे तिच्या डोक्यात आलं असावं.

ठकारांना मी तिथूनच फोन केला. येत नाही म्हणून सांगितलं.

"पैसे वाढवून दिले वाटतं त्यांनी?" ठकारांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? मग एकटीच जाऊन मेकअपच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. ती भूमिका माझी होती, माझ्या वयाची होती, आणि ती गेली. पुढे दुसऱ्या एका नटीने ती केली आणि चांगली केली, हे अजून मला नीट गिळता येत नाही.

पाडव्याच्या सकाळी मी सेटवर पोचते न पोचते तोच काकांचा फोन.

"तू तिथे काय करतेस? मूर्ख बाई! मी काय मजा म्हणून मेलो?"

"तुम्हाला मरायला कोणी सांगितलं होतं?"

"तुझ्यासाठी मेलो!"

"मला विचारलंत? एवढी वर्षं प्रत्येक वाक्य मला विचारून बोललात, आणि एवढं मोठं काम न विचारता केलंत?"

"ठकाराचं नाटक सोडलंस! नटी आहेस की कोण?"

"काका, शॉट लागलाय. माझे यजमान वारलेत, मला रडायचंय. ठेवा फोन."

त्यांनी ठेवला. पुढे दोन महिने त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

मी त्या मालिकेत आणखी बरीच वर्षं काढली. मुलाखतीला कोणी आलं की हाच प्रश्न. ताई, इतकी वर्षं एकच भूमिका, कंटाळा नाही आला? मी सांगायची, प्रेक्षकांचं प्रेम. नातेवाईक म्हणायचे, पैसा. ठकार तर भेटले की नुसते मान हलवायचे. मी कोणालाच काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घातलं असतं, आणि ते मालिकेतलं नसतं.

निशिकांतला मात्र तेव्हाही थोडं कळलं होतं. कळलं म्हणण्यापेक्षा, तो वैतागला होता.

"शैलाताई, भाजी निवडायचा सीन आहे. यात अप्पा कुठून आले?"

"त्यांना कारली आवडायची."

"कागदात नाहीये!"

"कागदाला काय माहीत? संसार मी केला."

"काल गॅस सिलेंडरच्या सीनलाही आले. परवा नातवाच्या परीक्षेला. ताई, अप्पांना जाऊन वर्ष झालं हो!"

"घरचं माणूस आहे, निशिकांत. वर्षात विसरायचं?"

तो कपाळावर हात मारून घ्यायचा. लेखकाने तक्रार केली, चैत्रालीने प्रेमाने समजावलं, एकदा वाहिनीचं पत्रही आलं. मी ऐकलं नाही. दिवाळी असो, बारसं असो, गळका नळ असो, दिवसातून एकदा मी अप्पांचं नाव घ्यायची. नाव घेतलं नाही असा एक भाग गेला नाही. त्यांच्या बेतातल्या काचेच्या घरात फोटो लावायला जागा नव्हती ना, मग मी होते.

मग एकदा अनघाचा फोन आला. काकांची ती सूनबाई.

"शैलाताई, एकदा येऊन जाल का? पण आधीच सांगते, ओळखतीलच असं नाही. मलाही बाई म्हणून हाक मारतात हल्ली."

रविवारी दुपारी मी माहीमला गेले. काका खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. बारीक झाले होते, पण दाढी घोटलेली आणि सदरा इस्त्रीचा. समोर टीव्हीवर आठवड्याचे भाग परत दाखवत होते. अनघाने मला त्यांच्या शेजारी खुर्ची दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहतात तसं, आणि जरा हसले. त्या नजरेत मी नव्हते. मला माहीत होतं तरी ते लागलं. पांढरे केस नसलेली, चष्मा नसलेली ही कोण बाई, त्यांना कसं कळणार?

पडद्यावर माई स्वयंपाकघरात सुनेशी बोलत होती.

"ही बाई बघा," काका बोटाने दाखवत मला म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. "हिला सोडवायला मी मेलो. अहो, खरंच मेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि ही बसलीय अजून तिथेच. जा म्हटलं तर जात नाही. ऐकतच नाही कोणाचं!"

"हट्टी आहे हो," मी म्हटलं. "फारच त्रास होत असेल तर बंद करू का? दुसरं काहीतरी लावू."

काकांनी हात वर करून मला थांबवलं. ते खुर्चीत पुढे सरकले होते.

"जरा गप्प बसा बघू," ते म्हणाले. "आता ती माझ्याबद्दल बोलणार आहे."